बोटांचा दाब

मी काटोलला मुख्याध्यापक होतो, तेव्हा प्रार्थनेची पेटी एक विद्यार्थी वाजवीत असे. करुण पद आले की तो पट्ट्या जीव तोडून दाबी. एकदा मी सर्वांदेखत म्हणालो, "अरे, पट्टीला तुझे दुःख कळत नाही. भाता सांभाळ!" मुले हसली. दुसऱ्या दिवसापासून त्याने पेटीला हात लावला नाही.

माझे म्हणणे शास्त्राला धरून होते. पेटीची पट्टी म्हणजे हवेच्या वाटेवरचे दार. ते पुरते उघडल्यावर अधिक दाबून काय होणार? सूर लहानमोठा करावयाचा तो भात्याने. पेटीवर मींडही निघत नाही. म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दूर ठेवले होते. तरीही गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी याच पेटीला बोलते केले.

परवा नातीने विजेवर चालणारा कीबोर्ड आणला. ती म्हणाली, "आजोबा, पट्टी दाबून धरा आणि आता आणखी जोर द्या." मी जोर दिला, तो सूर थरथरू लागला! काही कीबोर्डांत पट्ट्यांखाली दाब ओळखण्याची सोय असते. पट्टी किती वेगाने खाली गेली, यावरून आवाज ठरतो. नंतरच्या दाबाने त्यात कंप भरता येतो.

मला तो विद्यार्थी आठवला. त्याला पेटीचे शास्त्र सांगताना मी त्याचे मन ओळखले नव्हते. आता तो कोठे भेटला, तर त्याला या कीबोर्डपुढे बसवीन आणि म्हणेन, "बाळ, दाब हवी तेवढी!"