तिसऱ्या मजल्यावरचा खंड्या

मैत्रिणींनो, इमारतीत राहून कुत्रा पाळायचा तर परवानगी कोणाची लागते, असे पूर्वी मला कोणी विचारले असते तर मी म्हटले असते, घरच्या माणसांची, आणखी कोणाची? पण २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या सासूबाई चिरनेरहून उरणला आमच्याकडे राहायला आल्या, आणि तेव्हापासून सहा-सात महिने मी या एकाच प्रश्नाचा अभ्यास केला. मुलांच्या दहावीलाही एवढा केला नव्हता!

आधीच्या दिवाळीत मामंजी गेले. चिरनेरचे घर रानाच्या कडेला, शेजार हाकेच्या टप्प्यावर नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईने तिथे एकटीने राहू नये असे सगळ्यांचेच मत पडले. सासूबाई हो-ना करता करता तयार झाल्या, पण त्यांची अट एकच. "त्याला सोरून मी नाय येनार." तो म्हणजे खंड्या. अस्सल गावठी, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. मामंजींच्या मागे मागे शेतावर जाणारा आणि रात्री ओट्यावर झोपणारा. आम्ही अट ऐकल्यासारखे केले आणि खंड्याला तिथल्याच एका घरी सोपवून सासूबाईंना एकटीला घेऊन आलो. शहाणपणा आमचा!

आठ दिवसांत चिरनेरहून फोन. खंड्या बंद घराच्या ओट्यावरून हलत नाही, टाकलेले खात नाही. इकडे सासूबाईंनी ताट बाजूला सारले. "तो तिथं उपाशी, न् मी इथं जेवू?" आमचे हे बंदराच्या यार्डात पाळीवर असतात. पाळी संपल्यावर न झोपताच ते टेम्पो ठरवून गेले आणि संध्याकाळी सुतळीला बांधलेला खंड्या जिन्याशी उभा राहिला. जन्मात जिना चढलेला नव्हता. शेवटी ह्यांनी त्याला उचलून तिसऱ्या मजल्यावर आणले. त्या रात्री दोघेही जेवली, आणि मला वाटले, चला, प्रश्न मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरीकाका दारात. "वहिनी, आपल्या सोसायटीत कुत्रा चालत नाही."

आमची सोसायटी म्हणजे चार मजले, सोळा बिऱ्हाडे, एकच जिना आणि लिफ्ट नाही. निम्मी मंडळी इथलीच. बाकीची, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यानंतर कामानिमित्त सातारा-सांगलीकडून आलेली. एकमेकांना वाटीभर साखर देणारी माणसे. भांडण असे कधी नव्हते. "कुठल्या नियमात लिहिलंय काका?" मी विचारले. "लिहिलेलं नाही, पण पहिल्यापासूनची पद्धत आहे. आणि सगळ्यांची हरकत आहे." सगळे म्हणजे कोण, ते काही सांगेनात. कमिटीतल्या एकांनी तर मला जिन्यात गाठून हळूच सल्ला दिला, "गाडीत घाला आणि दूर कुठंतरी सोडून या. कुत्र्याची जात, जगेल कुठंही."

खरे सांगते, त्या वाक्याने माझे डोके फिरले. नाहीतर मी कदाचित रडून, विनवण्या करून गप्प बसले असते. मुलीला म्हटले, शोध काय कायदा आहे तो. आणि जे सापडले ते तुम्हांलाही माहीत असावे म्हणून सांगते.

पाळीव जनावर असे वाऱ्यावर सोडून देणे हा गुन्हा आहे, १९६० च्या प्राण्यांच्या छळाला बंदी घालणाऱ्या कायद्याप्रमाणे. या कायद्यामागे एका बाईची चिकाटी होती, हे वाचून मला फार बरे वाटले. भरतनाट्यम नृत्याला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल, त्यांनी राज्यसभेत असताना हा विषय लावून धरला होता. त्याच कायद्याखाली १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच झाल्या. या मंडळाने २०१५ च्या फेब्रुवारीत सोसायट्यांसाठी एक परिपत्रक काढले. त्यात स्पष्ट म्हटले आहे, की सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही नाही. कुत्रा भुंकतो हे कारण त्यासाठी पुरत नाही. लिफ्ट असेल तर ती नाकारता येत नाही, तिचे जादा पैसे घेता येत नाहीत. तोंडाला जाळी बांधा अशी विनंती करता येते, सक्ती नाही. केरळच्या उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये कुत्रा-मांजर पाळायला बंदी करणारे सोसायटीचे नियम बेकायदा ठरवले. अर्थात पाळणाऱ्यालाही मंडळाने सांगून ठेवले आहे, की लस टोचा, नसबंदी करून घ्या, बाहेर नेताना साखळी हवी, आणि घाण झाली तर उचला.

मी अर्ज केला. तोही कसा, ते सांगते, कारण पुष्कळ जणी तोंडी बोलत बसतात आणि तिथेच फसतात. खंड्याला गुरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घेतली. वर्षावर्षाला ती पुन्हा द्यावी लागते. मग नसबंदी करून घेतली. दोन्हींचे दाखले, त्याचा एक फोटो, परिपत्रकाची प्रत आणि कुत्र्याची जबाबदारी आमची असे लिहून दिलेला कागद, हे सगळे अर्जाला जोडले आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच घ्यायला विसरू नका! एप्रिलमध्ये कमिटीचे उत्तर आले, की आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली असून हरकत घेण्यात येत नाही.

मी जिंकले. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

पण मैत्रिणींनो, त्या दिवसापासून इमारतीत मला कोणी हाक मारीना. पाणी भरताना गप्पा चालू असायच्या, मी आले की थांबायच्या. सासूबाई खंड्यासाठी भातात सुकट उकडत, त्या वासावरूनही कुरबुर झाली. मीही इरेला पेटलेली. कोणी नाक मुरडले की मुद्दाम दोन मिनिटे जास्त जिन्यात उभी राही, खंड्याला घेऊन. कागद माझ्याकडे होता ना! हे म्हणाले, "अगं, सीवूड्सची ती मोठी वसाहत बघ, भटक्या कुत्र्यांना खायला घालण्यावरून भांडण हायकोर्टापर्यंत गेलं. आपल्याला तसं करायचंय का?" मी म्हटले, जाऊ की!

मे महिन्यात गच्चीवर वाळवणे पडली. दरवर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंची पहिली चादर असते. साबुदाण्याच्या पापड्या, कुरडया, सांडगे. त्यांच्या हाताला चव आहे, आणि पहिल्या ओल्या कुरडईचा चीक आमच्याकडे वाटीभर हमखास यायचा. त्या वर्षी त्यांची चादर नव्हती. मी मनात म्हटले, रुसल्या असतील. दोन आठवडे गेले. मग एकदा दुपारी पाहिले, तर त्यांनी आपल्या एवढ्याशा बाल्कनीत, दांडीवर ओले कपडे आणि खाली ताटल्यांत पापड्या मांडल्या होत्या, आणि स्वतः आत दाराला कडी घालून बसल्या होत्या. गच्चीची वाट आमच्या दारावरून जाते, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरले.

मी एकटीच खाली गेले. त्यांनी दार किलकिले करून आधी माझ्या पायांशी पाहिले. "तो नाही ना?"

मग त्यांनी सांगितले. इतक्या वर्षांच्या शेजारात हे मला माहीत नव्हते. त्यांचे माहेर रोह्याकडच्या एका खेड्यातले. १९८४ च्या उन्हाळ्यात त्यांच्या नऊ वर्षांच्या धाकट्या भावाला रस्त्यावरचे पिल्लू चावले. पिल्लूच ते, दात तरी केवढे! घरच्यांनी तिखट आणि चुना भरला. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शने घ्यायची असत, त्यांच्या भीतीने आज नेऊ, उद्या नेऊ झाले. जखम भरली, सगळे विसरले. दोन महिन्यांनी पोराला पाणी गिळवेना. "मी बारा वर्षांची होते वहिनी. पेला मीच नेऊन दिला होता त्याला." पुढचे त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारले नाही.

मी अर्जाला लशीचा दाखला जोडला होता, पण तो या बाईला कोणी दाखवलाच नव्हता. मी तरी कुठे दाखवला? कमिटीच्या फायलीत लागला आणि माझे काम झाले. कागदावर मी जिंकले होते ते सेक्रेटरीकाकांशी नव्हे, तर या बाईंशी, आणि त्या तर भांडायलाही आल्या नव्हत्या.

आता थोडे विषय सोडून, पण सांगायलाच हवे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही असेच समजा, म्हणून चावल्यावर लगेच जे करायचे तेच खरे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली पंधरा मिनिटे धुवायची. तिखट, चुना, हळद, काही भरायचे नाही. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती पोटातली लस आपल्याकडे २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा टोचतात, आणि जखम खोल असेल तर जखमेभोवती सिरमही देतात. पिल्लू आहे, ओळखीचे आहे, नुसते ओरखडले, असे म्हणून घरी बसू नका.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी सासूबाईंना सगळे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून आपली ट्रंक उघडली आणि मामंजींच्या बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ बाहेर काढली. बैल विकून कितीतरी वर्षे झाली, माळ तेवढी त्यांनी ठेवली होती. तिच्यातले दोन घुंगरू सोडवून त्यांनी खंड्याच्या पट्ट्याला बांधले. "त्या बाईला आयकू तरी येल, हा खय हाय तो."

मला इतके दिवसांत जे सुचले नाही ते असे होते. मग मी माझ्या परीने बाकीचे केले. सकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ या दोनच वेळा खंड्या खाली उतरणार. निघण्याआधी ताईंना फोनची एक रिंग. जिन्यात तोंडाला जाळी, सक्ती नसली तरी. खालच्या बिऱ्हाडाला नखांचा टकटक आवाज येतो म्हणून दिवाणखान्यात गोणपाट अंथरले. बाहेर निघताना जुन्या वर्तमानपत्राचे दोन कागद हातात. सुकट मात्र चालूच राहिली. उरणात राहून सुकटीच्या वासाची तक्रार करणाऱ्याची मला दया येते, बाकी काही नाही. भाताबरोबर उकडून, बिनमिठाची घालते, आणि कांदा, चॉकलेट, मनुका त्याच्या वाऱ्यालाही जाऊ देत नाही. कुत्र्याला ते विष.

सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा झाली. सभा होते ती पार्किंगमध्ये, सतरंज्या टाकून. मागे भिंतीवर दत्ताचे कॅलेंडर, त्यात पायाशी चार कुत्री. तिथे बसून दोघा सभासदांनी विषय काढला, की यापुढे तरी कुत्रा नको असा ठराव व्हावा. मी परिपत्रक पिशवीत घेऊन गेले होते, पण काढायच्या आतच मागच्या रांगेतून ताई उभ्या राहिल्या. त्या सभेत कधी बोलत नाहीत. "मला कुत्रा आवडत नाही," त्या म्हणाल्या, "आणि आवडणारही नाही. पण ह्यांनी वेळा ठरवल्यात त्या पाळतात. पाळतील तोवर माझी हरकत नाही." एवढे बोलून त्या खाली बसल्या. सेक्रेटरीकाकांनी चष्मा पुसला आणि पुढचा विषय, पाण्याची टाकी, घेतला.

परिपत्रक अजून माझ्या कपाटात आहे. टाकून देऊ नये असेच मी तुम्हांलाही सांगेन, कारण प्रत्येक सोसायटीत ताई नसतात. तसा आमचा खंड्याही काही सगळ्यांना प्रिय झालेला नाही. चौथ्या मजल्यावरचे आजोबा अजून त्याला पाहून काठी आपटतात, आणि दिवाळीच्या फटाक्यांत तो रात्रभर पलंगाखाली रडला तेव्हा दोन घरांनी सकाळी मला ऐकवले. ऐकून घेतले.

पुढच्या मे महिन्यात गच्चीवर पहिली चादर ताईंचीच पडली. चिकाची वाटीही आली, नातवाच्या हाती, दारातूनच. रात्री साडेनऊला मी रिंग देते. घुंगरू वाजत खाली जातात, पाऊण तासाने वर येतात. दुसरा मजला ओलांडला की दाराआडून ताईंचा आवाज येतो, "गेला का वर?"

"गेला हो," मी म्हणते, आणि मग त्यांची कडी निघते.