पार्किंग लॉटमधला सौदा

ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी, दक्षिणेला पर्ललँड, नैऋत्येला शुगरलँड. उन्हाळ्यात शाळांना सुट्ट्या लागल्या की या उपनगरांतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याद्या फिरू लागतात. कुणाची बदली डॅलसला झालेली असते, कुणी कायमचे पुण्याला निघालेले असतात. सोफा, ट्रेडमिल, मिक्सर, मुलांच्या सायकली, होंडा ओडिसी. यादीत कधीच नसते, पण बेडरूमच्या लहानशा तिजोरीत असू शकते, अशी वस्तू म्हणजे पिस्तूल. ऑफिसातल्या मित्रांबरोबर एकदा रेंजवर जाणे होते, मग शेजारी शिकारीला नेतो, मग आजूबाजूला एखादी चोरी होते. बरीच वर्षे टेक्सासमध्ये काढलेल्या माणसाकडे बंदूक निघाली तर आता फारसे कुणी चमकत नाही.

आणि परत निघताना ती विकायची असते.

ज्यांच्या लहानपणी निवडणूक जाहीर झाली की गावातल्या परवानाधारकाची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होत असे, त्यांना टेक्सासचा कायदा आधी खोटाच वाटतो. दुकानदाराला केंद्र सरकारचा परवाना लागतो. गिऱ्हाइकाकडून ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून घ्यावा लागतो आणि एफबीआयच्या यंत्रणेकडून त्याची पार्श्वभूमी तपासावी लागते. १९९८ पासून चालू असलेली ही तपासणी पुष्कळदा काही मिनिटांत उरकते. पण त्याच राज्यातल्या एका खासगी माणसाने दुसऱ्याला बंदूक विकली, तर यातले काहीच लागत नाही. फॉर्म नाही, तपासणी नाही, नोंद नाही. जाहिरात वाचायची, वेळ ठरवायची, रोख मोजायची. वॉशिंग्टन राज्यातल्या मतदारांनी २०१४ मध्ये कौल देऊन अशा व्यवहारांनाही तपासणी सक्तीची केली. सिएटलमधला भाऊ आणि ह्यूस्टनमधली बहीण एकाच देशात राहतात, पण या बाबतीत दोन वेगळ्या देशांत.

नोंद नाही याचा अर्थ जबाबदारी नाही, असा मात्र नव्हे. घेणाऱ्याला बंदूक बाळगण्याची मनाई आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना ती विकणे हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मनाई असलेल्यांच्या यादीत गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेले, कौटुंबिक हिंसाचारात दोषी ठरलेले, बेकायदा अमली पदार्थ घेणारे येतात. आणि त्याच यादीत, मंडळाच्या गणेशोत्सवात शेजारी बसून मोदक खाणारा एच-वन-बी व्हिसावरचा तरुणही येतो. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना, विद्यार्थ्यांसकट, बंदूक घेता येत नाही आणि जवळ ठेवताही येत नाही. एक चमत्कारिक पळवाट आहे: राज्याचा शिकारीचा चालू परवाना असेल तर चालते. बाकी कुणी ‘अरे, आपल्याच माणसाला स्वस्तात देऊन टाक’ म्हणत पिस्तूल मित्राच्या हाती ठेवले, तर देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार. ग्रीनकार्ड असलेल्याला अशा शिक्षेपाठोपाठ हद्दपारीलाही तोंड द्यावे लागू शकते. टेक्सासमध्ये तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर ‘लिमिटेड टर्म’ असे छापलेले असते. विकणाऱ्याने ते मुद्दाम न पाहणे हा कोर्टात बचाव ठरेलच असे नाही.

पाहण्याची टाळाटाळ केली की काय होते, हे ह्यूस्टनहून गाडीने सात-आठ तासांवरच्या ओडेसात दिसले. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी तिथे आणि शेजारच्या मिडलँडमध्ये एका माणसाने गाडीतून फिरत गोळ्या झाडल्या. सात जण ठार झाले. हाच माणूस २०१४ मध्ये दुकानात बंदूक घ्यायला गेला होता आणि तपासणीत नापास झाला होता. यंत्रणेने आपले काम चोख केले होते. २०१६ मध्ये त्याने लबकमधल्या एका खासगी विक्रेत्याकडून एआर प्रकारची रायफल घेतली आणि तिथे त्याला कुणी काही विचारले नाही. विक्रेत्याने परवान्याशिवाय बंदुकांचा धंदा केल्याची कबुली दिली आणि २०२१ मध्ये त्याला दोन वर्षांची कैद झाली. छंद म्हणून कधीतरी एखादी बंदूक विकणे वेगळे आणि नफ्यासाठी पुन्हा पुन्हा घेऊन विकणे वेगळे. ही रेघ नेमकी कुठे पडते यावर अमेरिकेत सतत वाद चालू असतो. सरकारी वकिलांच्या मते लबकचा हा गृहस्थ रेघेच्या पार पलीकडे होता.

विस्कॉन्सिनच्या ब्रुकफील्डमध्ये २०१२ मध्ये घडलेली गोष्ट याच जातीची. पत्नीपासून दूर राहण्याचा कोर्टाचा आदेश असलेल्या माणसाने ‘आर्म्सलिस्ट’ या संकेतस्थळावरची जाहिरात पाहून पिस्तूल घेतले, तेही मॅकडोनाल्ड्सच्या पार्किंग लॉटमध्ये. मग ती काम करत होती त्या स्पामध्ये तीन स्त्रियांचा बळी गेला, त्यात ती स्वतः. एका मृत स्त्रीच्या मुलीने संकेतस्थळावर दावा लावला. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इतरांनी टाकलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळाला जबाबदार धरता येत नाही. ई-बेने १९९९ मध्ये, क्रेगलिस्टने २००७ मध्ये आणि फेसबुकने २०१६ मध्ये बंदुकांच्या अशा विक्रीला दार बंद केले. बाजार थांबला नाही, त्याने पत्ता बदलला.

सगळेच विक्रेते डोळे मिटून घेतात का, याची दोन उत्तरे मिळतात. न्यूयॉर्क शहराने २०११ मध्ये तपासनीस लावले होते. ‘मी तपासणीत पास होईन असे वाटत नाही’ असे गिऱ्हाइकाने सांगितल्यावरही १२५ पैकी ६२ टक्के विक्रेते विकायला तयार झाले. उलट अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ च्या अहवालात मांडलेले चित्र पाहा. त्यांच्या वेषांतरित अधिकाऱ्यांनी उघड इंटरनेटवर ७२ वेळा प्रयत्न केला आणि एकदाही बंदूक मिळाली नाही. ५६ विक्रेत्यांनी नकार दिला, काही वेळा खातेच गोठवले गेले आणि काही वेळा समोरचा माणूस स्वतःच ठग निघाला.

या ठगांचा त्रास प्रामाणिक गिऱ्हाइकालाच जास्त. दुसऱ्या राज्यातून ‘बंदूक थेट घरी पाठवतो, झेलवर पैसे टाका’ असे कुणी म्हणाले, तर तिथेच थांबावे. राज्याची सीमा ओलांडून होणारी विक्री परवानाधारक दुकानदारामार्फतच व्हावी लागते, त्यामुळे असा प्रस्ताव एकतर गुन्हा असतो किंवा थाप. झेल या पेमेंट सेवेवरून एकदा गेलेले पैसे परत येणे मुश्किल. समोरासमोरच्या भेटीत वेगळीच भीती: विकणाऱ्याच्या हातात बंदूक आणि घेणाऱ्याच्या खिशात रोकड, हे लुटारूला आधीपासून ठाऊक असते. म्हणून जाणती माणसे घरचा पत्ता देत नाहीत, एकटी जात नाहीत, बंदूक रिकामी करून पेटीत ठेवतात आणि काडतुसे वेगळी. काही जण पोलीस ठाण्याचे आवार सुचवतात. कल्पना चांगली, पण तिथे बंदूक आणलेली चालेल का, हे फोन करून आधी विचारलेले बरे.

टेक्सासमधले बरेच विक्रेते जाहिरातीतच लिहितात की राज्याचे ड्रायव्हिंग लायसन्स आणि शस्त्र बाळगण्याचा परवाना दाखवावा लागेल. हा परवाना बोटांचे ठसे घेऊन, तपासणी करूनच मिळतो, म्हणून तो पाहिला की विकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. गंमत अशी की २०२१ पासून टेक्सासमध्ये पिस्तूल जवळ बाळगायला परवाना सक्तीचा राहिलेला नाही. तरी तो काढून ठेवणारे अजून आहेत.

याहून साधा उपाय म्हणजे दोघांनी मिळून एखाद्या बंदुकीच्या दुकानात जाणे. दुकानदार साधारण २५ ते ५० डॉलर घेतो, फॉर्म भरून घेतो, तपासणी करतो. कित्येकशे डॉलरच्या सौद्यात एवढ्या पैशांवर घासाघीस करणारा माणूस संशयास्पद मानावा, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. दुकानाचा आणखी एक उपयोग आहे. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग पोलीस क्रमांकावरून काढतात: कारखाना, घाऊक विक्रेता, दुकान, पहिले गिऱ्हाईक. खासगी सौदा झाला असेल तर माग तिथेच संपतो. दार वाजते ते पहिल्या गिऱ्हाइकाचे, मग तो एव्हाना कोथरूडला राहायला गेलेला का असेना. दुकानात न जाणाऱ्यांनी निदान तारीख, क्रमांक, दोघांची नावे आणि सह्या असलेली पावती तरी जपून ठेवावी.

नात्यातल्या उपकारापासूनही सांभाळावे लागते. व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने सवलत मिळते म्हणून आपल्या काकांसाठी ग्लॉक पिस्तूल घेतले आणि फॉर्मवर ‘खरा खरेदीदार मीच’ असे लिहिले. काकांना बंदूक बाळगायला कसलीच आडकाठी नव्हती. पुढे पिस्तूल त्यांच्या हाती गेले तेही परवानाधारक दुकानातून, तपासणी होऊनच. तरीही २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पुतण्याची शिक्षा कायम ठेवली.

बंदूक विकून झाली, तरी रेंजवर नेलेली बॅग मागे उरते. तीच पुढे विमानप्रवासाला निघते आणि तिच्या एखाद्या कप्प्यात विसरलेले काडतूस भारतातल्या विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये दिसते. परदेशातून आलेल्या प्रवाशांवर शस्त्र अधिनियमाखाली असे गुन्हे दाखल झाले आहेत. ‘जाणीवपूर्वक बाळगले’ हे सिद्ध होत नाही म्हणून उच्च न्यायालयांनी त्यातले अनेक रद्दही केले, पण तोवर वकील, जबाब आणि हातातून निसटलेले पुढचे विमान चुकत नाही. मूव्हिंग सेलच्या आठवड्यात बॅगांचे सगळे कप्पे उलटे करून झटकायचे काम म्हणूनच वेगळे काढून ठेवावे लागते.