वरच्या फळीवरचे डबे

मागच्या जुलैची गोष्ट. तारीख २२. बँक खात्यात १,८६० रुपये, इनबॉक्समध्ये ‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे’ असं सांगणाऱ्या तीन मेल्स आणि फ्रिजमध्ये अर्धं लिंबू. फ्रीलान्सर मंडळींना हे चित्र काही नवीन नाही. पण या वेळी जरा जास्तच झालं होतं. एका मासिकाकडे तीन महिन्यांचं मानधन अडकलेलं आणि ज्या कंपनीचं न्यूजलेटर मी लिहायचे, त्यांनी ‘सध्या गरज नाही’ असं गोड शब्दांत कळवलेलं. पुण्यातल्या फ्लॅटचं माझ्या वाटचं भाडं भरलं आणि पहिलं काम काय केलं, तर मोबाइलवरचं जेवण मागवायचं अ‍ॅप उडवून टाकलं. मोह नको!

घरी काहीच सांगितलं नव्हतं. ‘बरं चाललंय ना गं काम?’ या आईच्या प्रश्नाला ‘एकदम मस्त’ हे माझं ठरलेलं उत्तर.

माझ्या किचनचा दर्शनी भाग तसा एकदम कॉस्मोपॉलिटन. ओट्स, पास्ता, पिझ्झाबरोबर फुकट आलेल्या ऑरिगॅनोच्या पुड्या. त्याच्या वर, हात पोहोचत नाही अशा फळीवर, आईचे डबे. आमचं गाव पारनेर तालुक्यात, सुप्यापासून आत. जिल्ह्याचं नाव २०२४मध्ये अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी अजून नगरच बसलंय. तर नगरहून निघताना प्रत्येक खेपेला आई पिशवी भरून देणार, मी ‘कशाला गं एवढं’ म्हणणार आणि पुण्यात आल्यावर ते सगळं वर ढकलून विसरून जाणार. तुमच्याकडेही अशी एखादी फळी असेलच. खरं सांगा!

त्या रात्री स्टुलावर चढले आणि नऊ डबे खाली काढले. एकावरही लेबल नाही. वास घेऊन चार ओळखले. उरलेल्यांचे फोटो काढून आईला पाठवले. लगेच फोन.

“काय गं, आज कशी आठवण झाली डब्यांची?”

“अगं, एक लेख लिहितेय. आपल्याकडच्या रोजच्या स्वयंपाकावर.”

थाप! पण आईने ती ऐकून घेतली आणि सांगायला लागली. मी आपली वहीत लिहीत गेले.

पहिला डबा हुलग्याच्या पिठाचा. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तोच हुलगा. माझी नागपूरची रूममेट म्हणाली, “हे घोड्यांना घालतात ना?” घालतात, इंग्रजी नावातही घोडा आहेच. पण १०० ग्रॅम हुलग्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात हे जिममध्ये प्रोटीन पावडरवर पैसे उधळणाऱ्या आमच्या मित्रमंडळींना कोणी सांगावं? आईने सांगितलं तसं पीठ घेतलं, त्यात लसूण-जिरं-मिरची वाटून घातली, मीठ घातलं, घट्ट मळलं. तेलाच्या हाताने लांब वळ्या करून त्यांची कडी केली. लसणाच्या फोडणीत पाणी ओतून उकळी आणली आणि त्यात ही कडी सोडली. वीसेक मिनिटांत रस्सा आपोआप दाट. शेंगोळे तयार! पाऊस कोसळत होता आणि घोड्यांचं खाणं म्हणणाऱ्या बाईसाहेबांनी तीन वाट्या संपवल्या.

दुसऱ्या दिवशी येसर निघालं. हे नाव पुण्यातल्या निम्म्या मित्रांनी ऐकलेलंच नव्हतं. भाजलेलं धान्य, भाजलेली डाळ, धणे, खोबरं, मिरची आणि गरम मसाले असं सगळं एकत्र दळलं की येसर. दोन चमचे पाण्यात कालवायचं, कडकडीत फोडणीवर ओतायचं, उकळायचं... आमटी! ना भाजी लागते, ना टोमॅटो, ना डाळ शिजवायचा कुकर. गावाकडच्या लग्नात हीच आमटी पातेल्यांनी उकळते. सगळा जिन्नस भाजून कोरडा केलेला असल्यामुळे महिनोन् महिने टिकते. आपण जे ‘इन्स्टंट’ म्हणून पाकिटातून विकत आणतो, ते आमच्या आज्यांनी कधीच शोधून ठेवलं होतं.

हे असं का, याचा विचार मी आयुष्यात पहिल्यांदा त्या आठवड्यात केला. बाहेरच्यांना नगर म्हटलं की ऊस आणि साखर आठवते. त्यात चूक काही नाही, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०चा. पश्चिमेला अकोले तालुक्यात भंडारदरा-घाटघरला धो धो पाऊस. पण सह्याद्री ओलांडून पूर्वेला आलं की ढग रिकामे झालेले असतात. पारनेरसारखे तालुके त्या पर्जन्यछायेत. मार्च-एप्रिलनंतर शेतात हिरवं पान दिसायचं नाही. मग भाजीच नसताना रोज दोन वेळा चवीचं काय रांधायचं, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हे डबे. हुलगा आणि मटकी कमी पाण्यात येतात. उन्हाळ्यात ऊन फुकट, म्हणून मुगाचे सांडगे वाळवायचे. पावसाळ्यात तेच सांडगे रश्श्यात.

आजी १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो. त्या मिलोच्या भाकरीची चव तिला शेवटपर्यंत आवडली नाही, पण ती बोलायची मात्र नेहमी. त्यानंतर तिने घरात एक नियम केला, डबा अर्धा झाला की भरायचा. तळ दिसू द्यायचा नाही. आई अजून तो नियम पाळते. लहानपणी मला तो कंजूषपणा वाटायचा!

तर लेखाची थाप खरी करायला ही घ्या माझी यादी. स्वयंपाक येवो न येवो, शाकाहारी माणसाने घरात एवढं ठेवलं की महिनाअखेर सुखाची.

पीठं दोन, ज्वारी किंवा बाजरी आणि बेसन. बेसन असेल तर पंधरा मिनिटांत पिठलं. बाजरीचं पीठ मात्र थोडंच आणा, लवकर कडू होतं.

कडधान्यं दोन, मटकी आणि हुलगे. मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधा, ऑफिसातून येईपर्यंत मोड. ज्वारी-बाजरीत जे लायसिन कमी पडतं ते कडधान्यात भरपूर असतं, आणि कडधान्यात कमी असणारं मेथिओनिन धान्यात मिळतं. म्हणून भाकरीबरोबर उसळ ही जोडी नुसती चवीची नाही.

डाळ एक, तूर.

शेंगदाणे अख्खे आणा, कूट आठवडाभराचंच करा. कूट लवकर खवट होतं. भाजी पातळ झाली, तिखट झाली, कमी पडली, तिन्हींवर इलाज कूटच.

काळा मसाला आणि येसर. डब्यात हिंगाचा खडा टाका आणि चमचा कोरडाच घाला.

चटणी एक, कारळ्याची, जवसाची किंवा तिळाची. शिवाय सुकं खोबरं, चिंच, गूळ, हिंग-जिरं-मोहरी-हळद. कांदा-लसूण तर आहेच.

बस्स. ऑरिगॅनो ऐच्छिक!

डब्यांविषयी वाचता वाचता मी राहीबाई पोपेरे यांच्यापर्यंत पोहोचले. आमच्याच जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. शाळेत न गेलेल्या या बाईंनी वाल-घेवड्यापासून भातापर्यंत गावठी वाणांचं बियाणं जपलं, त्याची बँक उभी केली. बीबीसीने २०१८मध्ये जगातल्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मला मात्र त्यात माझी आजी दिसली. आजच्या जेवणातून उद्याचं बाजूला काढून ठेवणारी.

मी काही बाजूला काढलं नाही. पाच आठवडे ते डबे खाल्ले. बाहेरून आणलं ते फक्त तेल, कांदे-लसूण आणि ज्वारीचं पीठ. रोज संध्याकाळी आईला फोन. ‘लेखासाठी’ एक नवीन प्रश्न. सांडगे आधी तळायचे का? येसर किती घालू? आईने एकदाही विचारलं नाही की हा एवढा मोठा लेख आहे तरी कसला.

गणपतीला घरी गेले. नऊच्या नऊ डबे घासून, पुसून पिशवीत घातले होते. आईने एकेकाचं झाकण उघडलं आणि बंद केलं. एरवी हे डबे परत आले तर निम्म्यात, नाहीतर किडे होऊन.

“लई लवकर सरलं गं या खेपेला.”

“रूममेटला फार आवडलं.”

“हं.” एवढंच. ती चहा ठेवायला वळली. मीही विषय बदलला.

निघताना पिशवी नेहमीपेक्षा जड होती. पुण्यात आल्यावर या वेळी डबे वर ढकलले नाहीत, ओट्याशेजारी लावले. दोन दिवसांनी हुलगे भिजवायला घेतले तर हाताला प्लास्टिकची पिशवी लागली. आत पाचशेच्या चार नोटा, चौघडी घातलेल्या. मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. मग फोन केला.

“आई, पैसे कशाला ठेवलेस?”

“कुठले पैसे? मी तर हुलगे पाठवलेत.”

मला बोलता येईना. मग सगळंच सांगितलं, मानधन, न्यूजलेटर, ‘एकदम मस्त’. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “डब्याचा तळ दिसायच्या आत सांगत जा, बाई.”

अडकलेलं मानधन ऑक्टोबरमध्ये एकदाचं आलं. नवी दोन कामंही मिळाली. डबे अर्धे झाले की मी आता भरते, काही इथल्या वाण्याकडून, काही घरून. त्या चार नोटा अजून हुलग्याच्या डब्यातच आहेत. मोडायची वेळ आलेली नाही.

परवा आईचा फोन होता. “काय गं, त्या लेखाचं झालं काय मग?”

आई, हा तो लेख.