तांबडं फुटलं

आमच्या घरात दोन वस्तूंना हात लावायची मला बंदी आहे. एक मिक्सर आणि दुसरं भिंतीवरचं घड्याळ. दोन्ही मी एकेकदा 'दुरुस्त' केलेली आहेत. त्या यादीत कॅमेरा घालायचा राहून गेला, ही सौ.ची चूक.

झालं असं, की बुलढाण्याच्या गच्चीवरून मी मृग नक्षत्राचे फोटो काढत असे. पुस्तकांत मृगातला तेजोमेघ गुलाल उधळल्यासारखा दिसतो. माझ्या फोटोत तो चुलीतल्या राखेसारखा. चौकशीअंती गुन्हेगार सापडला : सेन्सरपुढची एक निळसर काच! आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सेन्सरला दिसतात. ते अडवून रंग जागेवर ठेवायला ही काच. पण तेजोमेघातल्या हायड्रोजनचा तांबडा प्रकाश, 656 नॅनोमीटरचा, त्यातलाही बराचसा ती बाहेरच थोपवते. दीड हजार वर्षांच्या आसपास प्रवास करून आलेल्या पाहुण्याला दारातूनच परत! कॅननने 2005 साली खास आकाशासाठी '20 डीए' काढला होता म्हणे. पण आपल्या घरी स्क्रूड्रायव्हर असताना नवा कॅमेरा कशाला?

रविवारी सौ. भिशीला गेल्यावर शस्त्रक्रिया सुरू केली. बॅटरी काढली तरी फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, हे ज्ञान मला कोपरापर्यंत झालं. चौदा स्क्रू काढले, तेरा परत बसवले. चौदावा दुसऱ्या दिवशी पोह्यांत सापडला, माझ्या दाताला. काच मात्र निघाली, आणि कॅमेरा चक्क चालूही झाला!

आठवड्यानं मेहकरला भाचीचं लग्न. "घरचे फोटो मामाच काढेल," असं ताईनं परस्पर जाहीर केलेलं. फोटो पाहिले आणि पायांखालची जमीन सरकली. नवरदेवाचा काळा सूट वांग्याच्या रंगाचा, आंब्याचे टहाळे गुलाबी, आणि भटजी तर मुहूर्त टळल्यासारखे लालबुंद! पांढऱ्या रंगाचा हिशेब कॅमेऱ्याला नव्यानं शिकवावा लागतो, हे मला नंतर कळलं. तसं केल्यावर चेहरे सुधारले असते; सूट तरीही वांगीच राहिला असता.

ताईनं आठ दिवस फोन उचलला नाही. त्याच फोटोंत आईचा नातीबरोबरचा एकुलता एक फोटो होता. तो घेऊन मी चोरासारखा तिच्यापुढे उभा राहिलो. चष्मा पुसून आईनं बराच वेळ पाहिला. म्हणाली, "अरे, गाल कसे छान लाल आलेत! लग्न झालं तेव्हा मी अशीच होते."

त्या बळावर जानेवारीत लोणार गाठलं. काठावर अभयारण्य, म्हणून गावाबाहेर एका ओळखीच्यांच्या वावरात तिकाटणं मांडलं. लोणारला तांबड्याचं अप्रूप नाही. उल्केनं पाडलेल्या, पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्ड्यातलं ते खारं पाणी 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं. क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांची ती करणी, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं शोधलं. वावराचे मालक घोंगडी पांघरून विचारत होते, "काय करून राह्यले भाऊ? चांदण्या कुठं पळून चालल्या का?" पाच-पाच सेकंदांचे तीनशे फोटो काढले. घरी संगणकावर एकावर एक रचले, आणि मृगाच्या बाणाखाली तांबडं फुटलं!

फोटो मोठा करून आईला दाखवला. तिनं चष्मा पुसला, नीट न्याहाळला आणि विचारलं,

"हा पण लग्नातलाच का रे?"