ब्रेकची कुरकुर

मोटारीच्या सगळ्या आवाजांत ब्रेकचा आवाज मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. हॉर्न मुळातच आढ्यताखोर. तो लोकांना दटावण्यासाठीच जन्माला आलेला. इंजिनाचा आवाज म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाचे खाकरणे. चार दिवसांनी त्याकडे कुणी लक्ष देत नाही. ब्रेक मात्र एरवी मुका असतो. तो बोलू लागला की त्याला खरोखरच काही सांगायचे असते.

माझे मामा साताऱ्याचे. एस. टी.त ड्रायव्हर म्हणून त्यांची उमेदीची सारी वर्षे गेली, आणि त्यांतली बरीचशी महाबळेश्वराच्या वाटेवर. सातारकराला ब्रेकचे महत्त्व पटवावे लागत नाही. घराबाहेर पडून चार कोस जावे तो घाट पुढे उभा : यवतेश्वराचा, वाईहून वर चढणारा पसरणीचा, मेढ्यापलीकडचा केळघरचा, पुण्याच्या वाटेवरचा खंबाटकीचा. आम्ही सांगलीकर कृष्णाकाठच्या सपाट काळ्या मातीतली माणसे. आम्हांला ब्रेक आठवतो तो उसाच्या हंगामात, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अंधारात अचानक समोर दिसला म्हणजे. मामा आमच्या रस्त्यांना हसत. म्हणत, "हे कसले रस्ते? नुसतं पोळपाट आहे!"

ब्रेकची भाषा मी त्यांच्याकडूनच शिकलो. पावसाळ्यात रात्रभर अंगणात उभी राहिलेली गाडी सकाळी काढली की पहिल्या चार-सहा दाबांना चाके खरखरतात. चाकामागच्या बिडाच्या तबकडीवर रात्रीतून गंजाची पातळ साय धरलेली असते. लायनर ती खरवडून काढतो आणि गल्लीचे टोक येईतो आवाज थांबतो. "घाबरू नको, तोंड धुतंय ते," मामा सांगत. ब्रेकवर पाय नसतानाही चाकातून पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला, तर बहुधा तबकडी आणि तिच्यामागचा धूळ अडवणारा पत्रा यांच्या फटीत खडा अडकलेला असतो. कासच्या पठारावरून परतणाऱ्या मंडळींना हा अनुभव यावा. गाडी जराशी मागे घेतली की पुष्कळदा तो खडा आपणहून गळून पडतो. मात्र खडा नसतानाही घासणे चालूच राहिले आणि एकच चाक हात लावू नये इतके तापले, तर ब्रेक दाबल्यावर धरतो आहे पण सोडत नाही असे समजावे. हे दुखणे खड्याइतके साधे नव्हे.

घाट उतरताना सारा वेळ ब्रेकवर पाय ठेवून बसणाऱ्यांचा मामांना मनापासून राग. अशाने लायनर तापतो, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, करपट वास सुटतो. पुढे ब्रेक किंचाळतो खरा, पण धरत नाही. "ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं," हा त्यांचा मंत्र. तो त्यांनी पसरणीच्या घाटात मला इतक्या वेळा ऐकवला आहे की तिथल्या वळणांनाही एव्हाना तो पाठ झाला असेल.

सर्वांत वाईट आवाज जात्याच्या घरघरीसारखा. लायनर पार संपला, त्यामागची लोखंडी पट्टी थेट तबकडीवर घासू लागली की हा येतो. मग तबकडीवर नांगराच्या तासासारखे चरे पडतात. नांगराची आठवण उगीच झाली नाही. सातारा-सांगलीच्या वाटेवर, थोडी वाट वाकडी केली तर, किर्लोस्करवाडी लागते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्या माळावर कारखाना उभारला, आणि त्यांच्या लोखंडी नांगराने या मुलखातली शेते नांगरली गेली. मातीत तास पडावा म्हणून नांगर घासतो. तबकडीवर तास पडू नये म्हणून लायनर घासतो. आपण झिजायचे आणि दुसऱ्याला झिजू द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम.

ही झिजणारी वस्तू मधे घालण्याची कल्पना मोठी गमतीदार रीतीने मोटारीत आली. १८८८ च्या ऑगस्टात कार्ल बेन्झ यांची पत्नी बर्था ही नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपास. आमच्या सातारा-सांगलीहून थोडे कमीच. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा बाईंनी वाटेत एक चांभार गाठला आणि त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. लायनरची कथा सांगणारे तिची सुरुवात इथूनच करतात. माहेरच्या ओढीने लागलेले शोध आपल्याकडे कुणी मोजलेले नाहीत.

पण लायनर झिजत आला हे कळायचे कसे? इथे कारागिरांनी एक युक्ती केली, आणि मला ती साऱ्या मोटारीतली सर्वांत माणुसकीची वाटते. पुष्कळ गाड्यांच्या लायनरच्या कडेला पोलादाची एक चिमुकली जीभ बसवलेली असते. लायनर नवा असतो तेव्हा त्याची जाडी दहा-बारा मिलिमीटर. तो झिजून दोन-तीन मिलिमीटरांवर आला की ही जीभ तबकडीला टेकते आणि चिरकू लागते. तो बिघाडाचा आवाज नव्हे. बिघाड व्हायच्या आधी, अजून वेळ आहे तोवर, तुम्हांला हाक मारावी म्हणून मुद्दाम ठेवलेला तो आवाज आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला मामा नेहमीप्रमाणे स्वतः गाडी हाकीत सांगलीला आले. कराड, पेठ नाका, आष्टा, ठरलेला रस्ता. उतरताच मामी म्हणाल्या, "वाटभर चाकात चिमणी ओरडतेय. हे म्हणतात, काही नाही." आईनेही फाटकातूनच ऐकले होते. "दादा, तुझी गाडी रडत आली रे," ती म्हणाली. मामा हसले. "बायकांच्या कानाला काय? मला इंजिनचा टाका चुकला तरी कळतो."

ते खोटे नव्हते. मी गल्लीच्या तोंडाशी असणाऱ्या मिस्त्रीला बोलावले. त्याने गाडी घराशेजारून हळू चालवत नेली आणि ब्रेक दाबला. कट्ट्यावर बसलेल्या शेजारच्या पोराने दोन्ही कान हातांनी झाकून घेतले. मामा आधी गाडीकडे पाहत होते. मग त्या पोराकडे पाहू लागले, आणि बराच वेळ पाहत राहिले.

वयाबरोबर कान जातात ते वरच्या सुराकडून जातात. इंजिनाची घुमघुम, ट्रकचा घरघराट ऐकू येत राहतो, त्यामुळे आपला कान शाबूत आहे असेच माणसाला वाटते. बारीक, उंच चिरक मात्र कधी नाहीशी झाली ते त्याला कळत नाही. आणि लायनरची ती जीभ बोलते नेमकी त्याच सुरात. चाळिशीनंतर परवान्यासाठी जो वैद्यकीय दाखला लागतो, त्यात नेहमीचे आवाजी इशारे ऐकू येतात की नाही, हे डॉक्टराने लिहायचे असते. चाकातली चिमणी त्यात धरलेली नसावी. जन्माचा बहिरा माणूस डोळ्यांनी चौफेर पाहून गाडी चालवू शकतो, कारण काय ऐकू येत नाही हे त्याला ठाऊक असते. माझी काळजी होती ती ऐकू येते असे समजणाऱ्याची, आणि तीही घाटाच्या गावात राहणाऱ्याची.

मिस्त्रीने चाक उतरवले, लायनर काढून मामांच्या हातावर ठेवला. त्यांनी जिभेवरून अंगठा फिरवला. तिचे टोक घासून आरशासारखे चकाकत होते. तबकडीला अजून इजा झालेली नव्हती. तासाभरात नवे लायनर बसले. संध्याकाळी ओवाळणी झाली, जेवणे झाली. कान हा शब्द कुणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मामांनी किल्ली माझ्यापुढे धरली.

"साताऱ्यापर्यंत सोडशील?"

तेव्हापासून त्यांना आणायला आणि पोचवायला मीच जातो. निघण्यापूर्वी मामा बॅटरी घेऊन खाली बसतात, चाकाच्या फटींतून लायनरची जाडी डोळ्यांनी पाहतात, मगच डावीकडच्या जागेवर येऊन बसतात. पेठ नाक्याला मी वेग कमी केला की त्यांचा उजवा पाय आपोआप समोरच्या जाजमावर दाबला जातो. मागून मामी विचारतात, "अहो, काही ऐकू आलं का?"

"मला काय विचारतेस? गाडीवाल्याला विचार."