गाडीला अर्थ नाही

आमच्या घरातल्या दोन वस्तूंबद्दल वाईट बोलायची मला परवानगी नाही. एक, सासऱ्यांनी दिलेला सोफा, आणि दुसरी, बाबांची मारुती ८००. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवून बाबा २००८ साली निवृत्त झाले, तेव्हा हाती आलेल्या पैशांतून त्यांनी ती घेतली. पुढं कंपनीनं २०१४ साली हे मॉडेल काढणं बंद केलं. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. त्याच साली गाडीला पंधरा वर्षं झाली म्हणून आरटीओत तिची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागली. एवढं सगळं होऊनही एमएच २० ची पाटी मिरवत ती सिडकोतल्या आमच्या दारात उभी आहे. 'उभी आहे' हे क्रियापद मी विचारपूर्वक वापरतो आहे.

गेल्या नोव्हेंबरात तिची बॅटरी गेली. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. मी बँकेतलाच माणूस, तेव्हा बाबांना म्हणालो, "हल्ली बँकेत जावं लागत नाही. घरी बसून मोबाइलला चेहरा दाखवला की झालं."

बाबा म्हणाले, "मी जिवंत आहे हे मोबाइल कोण सांगणार? मी स्वतः जाऊन सांगेन. माझ्या गाडीतून जाऊन सांगेन."

झालं! जुनी बॅटरी देऊन नवी घेतली. बसवायला माणूस दुपारी येईल, असं दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, कशाला? लाल वायर अधिकला, काळी उण्याला. एक जमा, एक नावे. ज्यानं बी.कॉम.ला अकाउंटन्सीत अठ्ठावन्न मार्क मिळवले, त्याला दोन नट आवळता येऊ नयेत? पान्यानं नट आवळले. काळ्या वायरीची पकड नट पूर्ण बसूनही जरा ढिलीच वाटली. तिचा मी बँकेतल्या पद्धतीनं बंदोबस्त केला. तो कसा, ते पुढं येईलच.

किल्ली फिरवली. डॅशबोर्डावर लाल दिवे लागले, टेपच्या घड्याळात बारा वाजले. सेल मारला. 'टक्' असा एकच आवाज झाला आणि दिव्यांसकट सगळं गेलं. थोड्या वेळानं दिवे परत आले आणि घड्याळात पुन्हा बारा वाजले. हॉर्न दाबला, तर कीर्तनाआधी बुवा घसा साफ करतात तसा आवाज आला आणि पुन्हा बारा! गाडीचे बारा वाजणं हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरता शिकलो होतो. तो असा डोळ्यांदेखत हिरव्या आकड्यांत उमटेल असं वाटलं नव्हतं.

बंद गाडीचं बॉनेट उघडणं म्हणजे गल्लीला आमंत्रण. वरच्या मजल्यावरचे, वाळूजला कंपनीत असलेले गृहस्थ म्हणाले, "ईसीयू गेला. आता हिशोब हजारांत." आमच्या कॅशियरनं फोनवर आवाज ऐकून स्टार्टर जळाल्याचं जाहीर केलं. पुण्याहून धाकट्या भावानं विचारलं, "अरे, स्क्रॅपला का देत नाहीस?" सौ. म्हणाली, "अहो, रिक्षा आहेत की!" महावितरणमधून निवृत्त झालेले शेजारचे काका तेवढे म्हणाले, "अर्थिंग बघा." पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण काका सगळ्यालाच अर्थिंग बघा म्हणतात. आमचा फ्रिज बिघडला तेव्हा म्हणाले होते. चिरंजीव गणितात नापास झाले तेव्हाही म्हणाले होते.

खरं सांगायचं, तर मला आतून जरा बरंच वाटलं होतं. दोन वर्षं मी गाडी विकायचा विषय काढायला धजत नव्हतो. आता तिनं स्वतःच राजीनामा दिलेला. "बाबा, संपली बहुतेक," मी म्हणालो. बाबा काही बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी पेन्शनचं पासबुक परत कपाटात ठेवलं. कपाटाचं दार लावल्याचा आवाज हॉर्नपेक्षा मोठा होता.

त्या रात्री मला झोप लागेना. बँकेत आम्ही नव्या पोरांना शिकवतो, की ताळा जमत नसला तर सगळी वही उकरायची नाही. फरकाला नवानं भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झालेली असते. नाहीतर आधी शेवटची नोंद बघायची. काल जमत होतं आणि आज जमत नाही, तर चूक मधल्या नोंदीत. गाडीच्या खात्यातली शेवटची नोंद कुणाची? माझीच! आणि मी दोन दिवस ईसीयूवर संशय घेत होतो.

सकाळी वायरिंगवाल्याला बोलावलं. विशी-बाविशीचा पोरगा. त्यानं मीटर लावून बॅटरी तपासली. "१२.६. बैटरी एकदम टनाटन है, अंकल." मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या उण्या टर्मिनलला आणि दुसरं इंजिनाच्या अंगाला टेकवून म्हणाला, "सेल मारो." मी मारला. मीटरवर पाच व्होल्ट आले. ते अर्ध्याच्या आत यायला हवेत म्हणे. तो बाबांकडे बघून गंभीरपणे म्हणाला, "चाचा, इसको अर्थ नै है."

मी चमकलो. सतरा वर्षांच्या गाडीबद्दल हेच तर मला म्हणायचं होतं!

पण त्यानं समजावून सांगितलं ते मला, कॉमर्सवाल्यालाही, पटलं. करंट अधिककडून निघतो आणि त्याला उण्याकडे परत यावंच लागतं. परतीची वायर वेगळी नसते, गाडीचा पत्राच ते काम करतो, आणि पत्र्यापासून बॅटरीपर्यंतचा शेवटचा सांधा म्हणजे ती काळी वायर. म्हणजे कर्जवाटप जोरात आणि वसुली बंद! दिवे लागत होते, कारण त्यांची मागणी थोडी. घड्याळाला तर अँपिअरचा शंभरावा भागही पुरतो. स्टार्टरला शंभराच्या वर लागतात. सांध्यात ०.०५ ओहम एवढा क्षुल्लक अडथळा असला, तरी शंभर गुणिले ०.०५ म्हणजे पाच व्होल्ट जागीच गडप. लहान खातेदार खूश, मोठा आला की तिजोरी रिकामी.

इतका वेळ गप्प असलेले बाबा एकदम वर्गात शिरले. "मलिक अंबरानं या गावात डोंगरातलं पाणी खापराच्या नळांनी आणलं. पाणी भरपूर. पण एका सांध्यात चिंधी अडकली, की पुढं सगळं कोरडं. बघ रे, कुठं चिंधी आहे."

पोरानं आधी उण्याची पकड सोडली. बॅटरी काढताना उणं आधी सोडायचं आणि लावताना शेवटी, नाहीतर अधिकचा नट फिरवताना पाना बॉडीला लागला की ठिणगी! हे मी नेमकं उलटं केलं होतं. पकड निघाली आणि तिच्यातून घडी घातलेला एक कागद बाहेर आला. त्यानं तो उलगडला. मी नजर चुकवून कडुलिंबाकडे पाहू लागलो.

तो आमच्या बँकेची पैसे काढायची स्लिप होती. बँकेत टेबल डुगडुगलं की आम्ही पायाखाली स्लिपची घडी सारतो. इथं पकड ढिली होती, तेव्हा हात सवयीनं खिशात गेला होता.

"साब, कागज में से करंट कैसा जाएंगा?" पोरगा म्हणाला. जुनी पकड ताणून मोठी झालेली. नट कितीही आवळला, तरी तिची दोन टोकं एकमेकांना भिडत, पण टर्मिनलला धरत नसत. त्यानं नवी पकड लावली, टर्मिनल घासून चकचकीत केलं, आणि उणं शेवटी जोडलं. अर्ध्या सेलमध्ये गाडी सुरू झाली. काका कुंपणापलीकडून एवढंच म्हणाले, "अर्थिंग होतं ना?"

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी बसले. जालना रोडनं जाताना सवयीप्रमाणं मी दुसऱ्यात असतानाच "तिसरा टाक" म्हणाले. क्रांती चौकाच्या सिग्नलला काचेबाहेर बघत त्यांनी विचारलं, "तुला वाटलं ना, संपली म्हणून?" सिग्नल सुटला म्हणून बरं झालं, मला उत्तर द्यावं लागलं नाही.

बँकेत त्यांनी साहेबांसमोर ठसठशीत सही केली आणि आपण हयात असल्याचं जाहीर केलं. गाडी बाहेर उभी होती. या वेळी 'उभी' म्हणजे वाट बघत.

ती स्लिप आता गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात आहे. मागच्या कोऱ्या बाजूवर बाबांनी लाल शाईनं शेरा मारला आहे : 'विद्यार्थी हुशार. लक्ष नाही.'