संध्याकाळची ताटली

मुलांनो, कधी संगमनेरहून एसटीनं अकोल्याला निघालात, तर खिडकीची जागा पकडा. (विदर्भातलं अकोला नव्हे हं, आमचं अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले!) वाटेत प्रवरा नदी भेटते, आणि जिकडे पाहाल तिकडे ऊस. पाहुणे पुढे भंडारदऱ्याला किंवा १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईला जातात. मी मात्र तुम्हांला मध्येच, आमच्या शाळेजवळच्या एका वस्तीवर उतरवणार आहे.

हिरवागार ऊस दिसतो छान, पण त्यात बिबट्या लपतो. इथले लोक त्याला सरसकट वाघच म्हणतात. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खोऱ्यात बिबट्याच्या विष्ठेतले केस तपासून तो काय खातो ते शोधलं. काय निघालं असेल? त्याच्या खाण्यात वजनानं ३९ टक्के वाटा होता कुत्र्यांचा! शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. कारण शेळ्या रात्री गोठ्यात बंद असतात. ज्याला राखणीला ठेवायचं, त्या कुत्र्याची राखण कोण करतो?

माझ्या वर्गातल्या एका मुलाकडे मोत्या होता. घरचे चार दिवस लग्नाला गेले आणि मोत्याला शेजारी ठेवलं. शेजाऱ्यांनी भाकरी वेळेवर घातली, पण रात्री त्याला अंगणात लिंबाखाली बांधलं. सकाळी नुसती साखळी उरली होती. मोकळा असता तर कदाचित पळाला तरी असता. तो मुलगा आठवडाभर वर्गात बोलला नाही.

दिवाळीनंतर त्याच्याकडे नवं पिल्लू आलं, वाघ्या. "बाई, ह्याला रात्री आत कसं न्यायचं? दार दिसलं की पळतो," तो म्हणाला. मला कुत्र्यांतलं फारसं कळत नव्हतं, पण पहिलीच्या मुलांना रांगेत बसवायचं कळतं! रोज तीच वेळ, तोच आवाज, तीच जागा. दिवे लागायच्या आत गोठ्यात उभं राहून पितळेची ताटली वाजवायची आणि दूधभाकरी तिथंच द्यायची. बाहेर तुकडासुद्धा नाही. आला की पाठीवरून हात. नाही आला तर पट्ट्याला दोरी लावून हळूच आणायचं. मारायचं अजिबात नाही. आल्यावर मार बसला तर उद्या कोण येईल? (रशियातल्या पावलॉव्ह नावाच्या शास्त्रज्ञानं कुत्र्यांवर असेच प्रयोग केले होते. खाण्याची खूण ऐकूनच त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं.)

आठवड्यात गाडी अडली. मी जाऊन पाहिलं तर आजी ओट्यावरून "यू यू" करून भाकरी टाकत होत्या, काका "हाड" म्हणत होते आणि आमचा हा शहाणा गंमत म्हणून उसाकडे बोट दाखवून "छू" करत होता! बिचाऱ्या वाघ्यानं ऐकायचं कुणाचं? शेवटी घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं. बोलवायचं ते "यू यू" करूनच, आणि "छू" बंद. पालकांनो, हा नियम पाळायला सर्वांत अवघड गेलं ते काकांना! आजी दोन दिवसांत शिकल्या. तीन आठवड्यांनी ताटली वाजली की वाघ्या शेपूट हलवत गोठ्यात. मग दाराला कडी.

उन्हाळ्यात घरचे पुन्हा गावाला निघाले. या वेळी वाघ्या माझ्याकडे आला. सोबत त्याची गोणपाटाची पथारी, रेबीजच्या लशीचं कार्ड आणि ती ताटली! त्या मुलानं वहीच्या पानावर लिहून दिलं होतं, 'संध्याकाळी साडेसहा. दार लावा. कडी बघा.' कडीखाली दोन रेघा.

पहिल्या संध्याकाळी मी ताटली वाजवली. वाघ्या रस्त्याकडे तोंड करून बसला. पुन्हा वाजवली. ढिम्म! अंधार पडायला लागला, माझ्या पोटात गोळा आला. मग सुचलं, त्याची पथारी आतल्या खोलीत अंथरली आणि पुन्हा वाजवली. वाघ्यानं हवेत नाक फिरवलं, उठला, आत येऊन गोणपाट हुंगलं आणि त्यावर गोल फिरून बसला. मी कडी लावली, दोनदा पाहिली.

पाचव्या दिवशी मुलगा येऊन वाघ्याला आणि ताटलीला घेऊन गेला. आता पंचाईत वेगळीच झालीय. साडेसहाला माझ्या स्वयंपाकघरात कुठलंही भांडं वाजलं की आमची मांजर धावत येऊन त्या आतल्या खोलीत बसते!